बोंड हिरवे दिसते म्हणून निर्धास्त राहू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव, कर्ज आणि वीजबिल हे आपल्या बैठकीचे नेहमीचे विषय. आज आम्ही हार्ट अटॅकवर बोलणार आहोत. हा विषय डॉक्टरांचा, संघटनेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण चाळिशीतला कर्ता माणूस गेला, की सोसायटीचे कर्ज मागे उरते, पेरणी अडते, मुलीची शाळा सुटते. उत्पादन खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या संघटनेने हा हिशेब कसा सोडायचा?

हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या म्हाताऱ्यांचा रोग आहे, हा समज आधी सोडा. इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास ५२ देशांत झाला. २००४ पासून त्याचे निष्कर्ष जाहीर होत गेले. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, असे त्यात दिसले. झटक्याच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा उलगडा नऊ बाबींनी होतो, हेही त्यातून कळले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर आणि मनावरचा ताण या त्यातल्या मुख्य.

२०१७ सालची गुलाबी बोंडअळी आठवा. बोंड वरून हिरवेगार, आत सरकी खाल्लेली. बोंड फुटल्यावर नुकसान कळले, तेव्हा फवारून उपयोग नव्हता. म्हणून आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की फवारणी करतो. बोंड किडण्याची वाट पाहत नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे असेच आहे. तरुणपणापासून आतून चरबीचा थर साचतो. बाहेर काही दिसत नाही. माणूस वखर हाकतो, पोती उचलतो. एक दिवस तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो.

इथेही सापळे आहेत. रक्तदाब १४०/९० किंवा वर, उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर, या खुणा समजा. बाप-भावाला ५५ वर्षांच्या आत किंवा आई-बहिणीला ६५च्या आत हा रोग झाला असेल, तर तुम्ही अधिक जपले पाहिजे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली की आकडा उतरला म्हणून मनानेच बंद करू नका. आकडा उतरला तो गोळीमुळेच.

'आम्ही राबतो, आम्हाला काय होते?' असे तरणी पोरे म्हणतात. राबणे चांगलेच, पण राबण्याने तंबाखूचे विष धुऊन निघत नाही. तंबाखू चघळणाऱ्याला झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आणि बिडीही ओढणाऱ्याला जवळपास चौपट, असे त्याच अभ्यासात दिसले. बिडी-सिगारेट सोडली, तर तिच्यामुळे वाढलेला धोका वर्षभरात निम्म्यावर येतो. मीठ दिवसाला एक लहान चमचा पुरे. लोणचे, पापड, ठेचा यांतलेही त्यातच धरा. ज्वारी पिकवून विकायची आणि घरी मैद्याची बिस्किटे आणायची, हा व्यवहारही तपासा.

कर्जाचा ताण खरा आहे. तो घामाला दाम मिळाल्याशिवाय जायचा नाही आणि ती लढाई आपण सोडणार नाही. पण चुना-तंबाखूच्या चिमटीने कर्जाचा एक रुपयाही फिटत नाही.

छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, धाप, ही झटक्याची लक्षणे. बायांना आणि मधुमेह असणाऱ्यांना कळ न येताही झटका येतो. गॅस झाला म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नका. १०८ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे काम करते. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही.

तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासायची, असे सरकारचेच धोरण आहे. हे उपकार नाहीत, आपल्याच कराचा पैसा आहे. तेव्हा प्रत्येक गावशाखेने तीन कामे करावीत. मृगाआधी तिशीपुढच्या सगळ्यांची यादी करून बायामाणसांसह तपासणी करून घ्यावी. ग्रामीण रुग्णालयाला लेखी विचारावे, की रात्री ईसीजी निघतो का आणि हे इंजेक्शन शिल्लक आहे का. संघटनेच्या बैठकीत तंबाखूची पुडी फिरवणे बंद करावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला कापसाच्या भावाचा ठराव आणाल, तेव्हा ही यादी आणि रुग्णालयाचे उत्तरही सोबत आणा. उत्तर आले नसेल, तर पुढे काय करायचे ते संघटनेला शिकवावे लागणार नाही.