उंबरठा कोणाचा?



परभणी शहराने डिसेंबर २०२४ मध्ये एकाच महिन्यात दोन दारे पाहिली. संविधानाच्या प्रतिकृतीची १० तारखेला विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी आंदोलनाला हिंसक वळण लागल्यावर पोलिसांनी दलित वस्त्यांत घराघरांत शिरून, स्त्रियांनाही मारहाण केल्याच्या तक्रारी झाल्या. अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याबद्दल गुन्हा नोंदविण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. त्याच डिसेंबरच्या अखेरीस, तिसरीही मुलगीच झाली म्हणून पतीने पत्नीला पेटवून दिल्याची फिर्याद याच शहरात नोंदली गेली. पहिले दार पोलिसांना अडवू शकले नाही. दुसरे वेळीच कोणी ठोठावले नाही.

या दोन गोष्टींत विरोध आहे काय? खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरविल्या. गरिबाला ही ढाल हवीच. परंतु ‘हा आमच्या घरातला मामला आहे’ म्हणणारा नवराही तीच ढाल पुढे करतो. गफलत येथे आहे. घराचे स्वातंत्र्य भिंतींचे नव्हे, कर्त्या पुरुषाचेही नव्हे. आत राहणाऱ्या प्रत्येक माणसाचे आहे. मार खाणारी स्त्री हाक देते, तेव्हा मारणाऱ्याच्या नकाराला नैतिक आधार उरत नाही.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर देता येते. घर कोणाच्याही नावावर असो, स्त्रीचा तेथे राहण्याचा हक्क कायम राहतो. मालमत्ता ज्याची, उंबरठा त्याचा, हा जुना हिशेब कायद्याने तरी मोडला आहे.

मात्र जीव वाचविण्यासाठी उघडलेले दार वस्ती झोडपण्याची वाट होता कामा नये. तपासात वॉरंटाविना झडती घ्यायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. जुलै २०२४ पासून चित्रीकरणही बंधनकारक आहे. हे नियम स्त्रीच्या संरक्षणाआड येत नाहीत, उलट तिला बळच देतात. ज्या वर्दीने आपल्या वस्तीत लाठी चालविली, तिलाच मध्यरात्री कोणती बाई हाक मारील? पोलिसांना जाब विचारणे हा म्हणूनच स्त्रीमुक्तीचाही कार्यक्रम आहे. दाराची कडी तिच्या हाती हवी: नको असलेल्याला रोखण्यासाठी आणि हवी ती मदत आत घेण्यासाठीही.