हवेच्या टाकीतील पाणी
(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



फिरत्या दवाखान्याने वर्षभरात केलेल्या कार्याचा तपशील अहवालात दिलेलाच आहे. त्यात न आलेल्या एका गोष्टीविषयी आज बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या औदार्यातून उभा राहिलेला हा दवाखाना बसच्या सांगाड्यावर बांधलेला आहे. तपासणीची खोली, औषधांची कपाटे, पाण्याची टाकी, जनित्र असा सारा संसार घेऊन ही गाडी कुंभार्ली घाट उतरते. एवढे वजन केवळ चालकाच्या पायाच्या जोराने थांबत नाही. ते दाबाखालील हवेने थांबते. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी अशा ब्रेकचे पेटंट घेतले. पुढे बस आणि ट्रक यांनीही हवेचे ब्रेक स्वीकारले. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून गाडीखालच्या टाक्यांत भरतो आणि तीच हवा ब्रेक लावते.

मात्र ही हवा कोरडी नसते. दाबताना ती तापते आणि टाकीत निवली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत तसे. कॉम्प्रेसरचे थोडे तेलही त्यात मिसळते. पाण्याने टाकीतील जागा व्यापली की हवेचा साठा कमी उरतो. टाकी आतून गंजते आणि गंज व चिकट गाळ झडपांत जाऊन बसतो.

गेल्या पावसाळ्यात नेत्र-तपासणी शिबिरास निघालेली आपली गाडी चालकांनी घाट उतरण्यापूर्वी हेळवाकजवळ थांबवली. दोन-चार वेळा ब्रेक दाबताच हवेच्या दाबाचा काटा नेहमीपेक्षा अधिक खाली येत होता. टाकीची तळाची तोटी उघडली, तेव्हा तांबूस, तेलकट पाणी बराच वेळ वाहत राहिले. चालकांनी पुढे जाण्यास नकार दिला. घाटाखाली सकाळपासून वाट पाहणारे वृद्ध रुग्ण त्या दिवशी तपासणीविना परतले. त्यांची आम्ही क्षमा मागितली. चालकांचे मात्र मनःपूर्वक अभिनंदन केले.

दोष आमचा होता. टाक्या रिकाम्या केल्याची नोंदवही आम्ही ठेवली नव्हती आणि हवा कोरडी करणाऱ्या एअर ड्रायरचे कार्ट्रिज बदलण्याचा खर्च काटकसर म्हणून पुढील वर्षावर ढकलला होता. आपल्याच दंतविभागातील कॉम्प्रेसरची टाकी सेवक रोज सायंकाळी न चुकता रिकामी करतात. गाडीच्या बाबतीत तेच आम्हांस सुचले नाही. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हांस गाडीचा घसारा काढता येतो, पण टाकीतील पाणी ताळेबंदात दिसत नाही.

आता फेरीहून परतल्यावर गाडी सपाट जागी उभी केली जाते, चाकांखाली लाकडी ठोकळे लावले जातात आणि तोंड व डोळे बाजूला ठेवून तोट्या उघडल्या जातात. कॉम्प्रेसरनंतरच्या पहिल्या टाकीत पाणी सर्वाधिक साचते. म्हणून आधी ती, मग उरलेल्या. निव्वळ कोरडी हवा येईपर्यंत तोटी उघडी राहते. सकाळी इंजिन चालू करून दाब पूर्ण भरल्याची व कोठे गळती नसल्याची खात्री झाल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर पडत नाही. ड्रायर असूनही पाणी आले तर कार्ट्रिज निकामी होत आहे असे समजावे. तेल अधिक आले तर कॉम्प्रेसर तपासावा. हे सर्व नोंदवहीत लिहिले जाते आणि दर आठवड्यास आम्ही त्यावर स्वाक्षरी करतो.

दात्यांना एक नम्र विनंती. नव्या गाडीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. कार्ट्रिजवर, झडपेवर किंवा रोजच्या देखभालीवर ते कोरता येत नाही. तरीही घाटात रुग्णसेवकांचे प्राण याच वस्तू सांभाळतात. म्हणून विश्वस्त मंडळाने स्वतंत्र देखभाल निधी उघडावा आणि आपण त्यास यथाशक्ती साहाय्य करावे, अशी प्रार्थना आहे. तोटी उघडण्यास पैसा लागत नाही, नित्यनेम लागतो. तो आमच्याकडून पाळला जाईल. नोंदवही कार्यालयात ठेवली आहे. ती कोणीही, केव्हाही पाहावी.