बाटलीवर दिंडोरीचं नाव
(प्रभागसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



मागच्या दोन बैठकांत एकच विषय फिरून फिरून येतोय. एका गटाला वाईनच्या द्राक्षांची तोडणी उक्ती मिळते आहे. निम्म्या जणी म्हणतात, घेऊ या, हंगामात हाताला काम आहे. बाकीच्या म्हणतात, आडव्या बाटलीवर शिक्का मारून आपण गावातलं दुकान बंद केलं, आता त्याच हातांनी दारूच्या कारखान्याला माल तोडून द्यायचा का? मला दोन्ही बाजू पटतात. म्हणून आज काम घ्या किंवा घेऊ नका, असं मी सांगणार नाही. आपल्या नाशिकची ही वाईन नेमकी काय असते, ते आधी नीट बघू.

सुरुवात सुला या कंपनीपासून करते, कारण नाव सगळ्यांनी ऐकलंय. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांच्या घरची जमीन होती. ते अमेरिकेत शिकले, तिथे नोकरी केली आणि परत येऊन नाशिकला शेतीत उतरले. तोपर्यंत आपल्याकडे मुख्यतः खायची द्राक्षं लावायचे. त्यांनी 1997 च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या परदेशी जाती लावल्या आणि 2000 साली पहिली वाईन बाजारात आली. सल्ल्याला कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की होते. पुढच्याच वर्षी, 2001 मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि बघता बघता जिल्ह्यात कारखाने वाढले. शांदों ही फ्रेंच कंपनीसुद्धा दिंडोरीत आली. आज ‘नाशिक व्हॅली वाईन’ला पैठणीसारखंच भौगोलिक मानांकन आहे.

आता बागेत चला. हा भाग तुम्ही मला शिकवायचा, पण फरक सांगते. खायच्या द्राक्षाला आपण काय नाही करत? विरळणी करतो, जीएच्या पाण्यात घड बुडवतो, मणी टपोरा व्हावा म्हणून जीव टाकतो. वाईनच्या द्राक्षाला टपोरेपणा नकोच असतो. मणी बारीक, साल जाड, आत बी. सालीतच रंग आणि चव असते, म्हणून मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे प्रत्येक घडात गोडी भरते. खायचं द्राक्ष 18 ब्रिक्सच्या आसपास चालतं, वाईनचं 22 ते 24 पर्यंत पिकू देतात. ती गोडी खायला नसते, तिचीच पुढे दारू होते.

आणखी एक गंमत. युरोपात थंडीत वेल झोपतो, वर्षातून एकदाच छाटणी होते आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडीची छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. पाऊस संपल्यावर मणी भरतो आणि नाशिकच्या थंड रात्री त्यातला आंबटपणा टिकवून धरतात. मार्चमधलं ऊन तापलं की आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून तोडणीचा दिवस कारखाना ठरवतो आणि ‘उद्या पहाटे या’ असा निरोप अचानक येतो. द्राक्ष गार असतानाच क्रेटमध्ये पडावं लागतं.

कारखान्यात देठ काढतात, मणी फोडतात. पांढऱ्या वाईनला रस लगेच दाबून सालीपासून वेगळा करतात. लाल वाईनला रस सालीसकट आंबवतात, रंग तिथून येतो. भाकरीच्या आंबिलीसारखंच समजा, यीस्ट साखर खातं आणि दारू होते. फरक एवढाच की स्टीलच्या मोठ्या टाक्या गार करून हे काम हळूहळू करतात, नाहीतर वास उडून जातो. पर्यटक हौसेने पायाने द्राक्षं तुडवतात, फोटो काढतात. खरा माल यंत्रातूनच जातो.

चवीचं म्हणाल तर मी पीत नाही, पण चाखणारे सांगतात ते बागेतल्या बाईला लगेच कळेल असं आहे. सुलाच्या सोव्हिन्यों ब्लाँला ढोबळी मिरची आणि नुकत्या कापलेल्या गवताचा वास, चव आंबटसर. शेनिन ब्लाँ किंचित गोड, अननस-पेरूच्या वळणाची. शिराज ही लाल, तिच्यात काळ्या मिरीचा झणका आणि पिकल्या जांभळाची आठवण. या शिराजच्या एका वाईनचं नावच ‘दिंडोरी रिझर्व्ह’ आहे, ती ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात. मला हे नाव वाचून अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. दिंडोरीची माती, दिंडोरीचं ऊन, आणि छाटणीला, तोडणीला हात तुमचे. बाटलीवर मात्र गावाचं नाव येतं, टोळीचं येत नाही.

आता दुसरी बाजू. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नाही’ हे वाक्य फार ऐकू आलं. अजूनही गावात म्हणतात, द्राक्षाचा रस आहे, रक्त वाढतं, बाळंतिणीला चांगलं. तायांनो, हे साफ खोटं आहे. हिशेब करू, गटाचा हिशेब करतो तसा. 750 मिलीची वाईनची बाटली साडेबारा टक्क्यांची धरली, तर तिच्यात सुमारे 94 मिली शुद्ध दारू. देशी-विदेशीची 180 मिलीची क्वार्टर 42.8 टक्क्यांची, तिच्यात सुमारे 77 मिली. म्हणजे ‘नुसती वाईन’ची एक बाटली क्वार्टरपेक्षा भारी. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, आणि बायांमध्ये स्तनाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. गरोदर सुनेला तर थेंबही नको. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. त्यासाठी हिरवी पालेभाजी आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या आहेत.

मग काम घ्यायचं का? माझं मत विचाराल तर मजुरी ही मजुरी आहे. उसाच्या मळीचीही दारू होते, म्हणून आपल्या बाया ऊसतोडीला जायच्या थांबल्या नाहीत. पण घरात बाटली आली तर ‘ही आपल्याच बागेची’ म्हणून तिला मान द्यायचा नाही, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. ज्या मावशीला या कामाची मनापासून अडचण वाटते, तिच्यावर गटाने जोर करू नये, आणि जी जाते तिला टोमणे मारू नयेत.

एक सावधानता मात्र सगळ्यांसाठी. 2009 च्या आसपास वाईनचा बाजार पडला, तेव्हा करार नसलेल्या अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. बाग गेली की टोळीचं कामही जातं. म्हणून या कामाच्या भरवशावर गटातून मोठं कर्ज उचलू नका. उक्तं घेताना दर क्रेटवर आहे की किलोवर, ते कागदावर लिहून घ्या. रिकाम्या क्रेटचं वजन आधी करा. पहाटे अंधारात जायचं असेल तर गाडी कोणाची, ते विचारा. शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची, हे विचारायला लाजू नका, हातमोजे मागा. आणि पैसे ठेकेदाराच्या हातात न देता गटाच्या खात्यात जमा होतील का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी टाका, तोडणी झाल्यावर नाही.

येत्या बैठकीत मत घ्या, कोण बाजूने आणि कोण विरोधात ते कारणांसह इतिवृत्तात लिहा. मी कराराच्या कागदाचा एक साधा नमुना घेऊन येते.