काटा, काच आणि पांढरी रेघ



मोटारीच्या डॅशबोर्डावर तेलाच्या झारीचं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो आणि आपण त्याला विसरून जातो. छोट्या, जुन्या विमानाच्या वैमानिकाला असं विसरून चालत नाही. त्याच्यासमोर एक तबकडी असते, तिच्यावर काटा, आणि त्या काट्यावर विश्वास ठेवून तो जमीन सोडतो. माझी उभी नोकरी अशा विमानांच्या देखभालीत गेली. हा काटा खरं बोलतो की नाही हे आम्ही कसं पाहत असू, ते आज सांगतो.

इंजिनातला क्रँकशाफ्ट मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो. तो बेअरिंगमध्ये फिरतो, पण धातू धातूला टेकत नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो. पंप हे तेल दाबाने आत ढकलत राहतो. दाब गेला की थर गेला, आणि थोड्याच वेळात इंजिन जाम. मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते, विमानाचं तसं नाही.

हा दाब दाखवणारं गेज मोठं साधं आहे. युजीन बूर्दों या फ्रेंच यंत्रज्ञाने १८४९ साली त्याचं पेटंट घेतलं. जत्रेत मुलं फुंकर मारून उलगडतात ती कागदी पिपाणी आठवा. गेजच्या पोटात तशीच एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. तेलाचा दाब आत शिरला की ती किंचित सरळ व्हायला बघते, आणि तिचं टोक दातेरी चाकामार्फत काटा फिरवतं. जुन्या विमानांत इंजिनापासून गेजपर्यंत एक बारीक नळी येते आणि तिच्यात खरंखुरं इंजिनाचं तेल असतं. वीज नाही, सेन्सर नाही. अशी गेजेस पन्नास-पन्नास वर्षं चालतात, आणि इथेच गडबड होते. नळीचा धातू थकतो, दाते झिजतात, काटा अडखळतो, पण बाहेरून गेज ठणठणीत दिसतं.

त्यातून रंगांचा प्रश्न. तबकडीवर किमान आणि कमाल दाबाच्या लाल रेघा असतात, नेहमीच्या वापराचा हिरवा पट्टा असतो, काही ठिकाणी सावधगिरीचा पिवळा. पुष्कळ जुन्या गेजांवर हे रंग तबकडीवर नसून वरच्या काचेवर दिलेले असतात.

आमच्या उमेदीच्या काळात फ्लाइंग क्लबांत ‘पुष्पक’ विमानं असायची. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या एचएएलने बनवलेलं हे दोन माणसांचं विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं. इंजिन कॉन्टिनेंटलचं, ९० अश्वशक्तीचं. अशाच एका पुष्पकची गोष्ट. पावसाळ्यातली उघडीप होती, एक विद्यार्थी दुसऱ्यांदाच एकट्याने उडणार होता. मी इंजिन सुरू करून तापवलं, काटा हिरव्यात आला, आणि खाली उतरून वहीत नोंद करायला लागलो. आमच्या वरिष्ठांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते आले.

‘‘काटा कितीवर आहे रे?’’

‘‘हिरव्यात आहे, अण्णा.’’

‘‘मी रंग नाही विचारला. आकडा विचारला.’’

मी परत जाऊन पाहिलं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या बराच खाली काटा होता. हिरवा पट्टा मात्र त्याच्या बरोबर वर येऊन बसला होता, कारण काच फिरली होती. सकाळी ती मीच पुसली होती. उड्डाण रद्द झालं. इंजिन पाहिलं तर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकून तेल परत खाली निसटत होतं. तो मुलगा विमानतळाला दोन चकरा मारून सुखरूप उतरलाही असता. किंवा नसता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

काच अशी फिरते म्हणूनच तिच्यावर एक पांढरी रेघ असावी लागते, अर्धी काचेवर आणि अर्धी गेजच्या चौकटीवर. दोन्ही तुकडे एका रेषेत असले तर काच जागेवर आहे. आमच्या त्या गेजवरची रेघ घासून घासून दिसेनाशी झाली होती, आणि ती दिसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा घोटाळा बदली गेजचा. जुन्या विमानाचं मूळ गेज बिघडलं की तसंच दिसणारं दुसरं शोधून बसवलं जातं. आता हे आकडे बघा. सेसना १५० या विमानात हिरवा पट्टा ३० ते ६० पौंडांचा, आणि इंजिन मंद फिरत असताना किमान १० पौंड चालतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण साधारण ३० पौंड हवा भरतो, त्यावरून अंदाज येईल. तिच्याच थोरल्या बहिणीच्या, सेसना १७२ च्या सत्तरच्या दशकातल्या विमानांत हिरवा पट्टा ६० ते ९० चा आणि किमान दाब २५. एकीचं गेज दुसरीत गेलं तर निरोगी इंजिन आजारी दिसेल, किंवा आजारी इंजिन निरोगी. म्हणून गेजवरचे रंग हा पुरावा नव्हे. त्या विमानाच्या, त्या इंजिनाच्या कागदपत्रांतले आकडे समोर ठेवून रंग ताडून घ्यायचे. आणि हे काम परवानाधारक अभियंत्याचं; हौशी मालकाने रंगाची डबी उघडू नये.

तपासणी तशी सोपी. इंजिन बंद असताना काटा शून्यावर बसला पाहिजे. मग एकाच नळीला जोड देऊन आपलं गेज आणि प्रमाणित मास्टर गेज शेजारीशेजारी लावायचं. दाब दहा-दहा पौंडांनी वाढवत न्यायचा, दर टप्प्याला दोन्ही आकडे लिहायचे, आणि तसंच खाली उतरायचं. उतरताना आकडे वेगळे आले किंवा बोटाने टिचकी मारल्यावर काटा उडाला, तर आत काहीतरी झिजलं आहे.

तेलाच्या तापमानाचं गेज तर उकळत्या पाण्यात तपासता येतं. त्याचं टोक पाण्यात बुडवायचं, चांगलं उकळू द्यायचं. मुंबईत काटा १०० अंश सेल्सिअसला यावा. पुण्यात मात्र ९८ च्या आसपास, कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं. एका उत्साही सहकाऱ्याने हे विसरून चांगलं गेज मोडीत काढलं होतं! त्याच्या बारीक नळीला मुडप मात्र पडू द्यायची नाही.

आणि साधी डिपस्टिक. दाब म्हणजे तेलाचं प्रमाण नव्हे. तेल निम्मं असलं तरी पंपाला ते मिळतंय तोवर काटा हिरव्यातच राहतो. शेपटीखाली चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून उभं असतं, त्यामुळे तेलाची पातळी तिरकी होते. नाकाखाली चाक असलेल्या विमानाची पट्टी त्यात घातली तर खुणा खोटं सांगणार. शंका आली की आम्ही सगळं तेल काढून टाकायचो, नेहमीसारखं विमान उभं करायचो आणि मापाने थोडं थोडं तेल ओतून दरवेळी पट्टी बुडवून बघायचो. दुपार जायची त्यात.

आता आकाशात काटा पडला तर? सेसनाच्या मॅन्युअलचं सांगणं असं, की दाब कमी दिसतोय पण तापमान नेहमीचं आहे, तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडला असण्याचा संभव आहे. गेजकडे जाणारी नळी फुटली तरी सगळं तेल एकदम जात नाही, कारण तिच्या सुरुवातीला एक अगदी बारीक भोक ठेवलेलं असतं. अशा वेळी जवळच्या विमानतळावर उतरून बघावं. पण दाब पूर्ण गेला आणि तापमान चढू लागलं, तर इंजिन थोड्या वेळाचं सोबती आहे. इंजिनाची शक्ती लगेच कमी करून खाली मोकळं शेत शोधावं.

अण्णांनी मला दुसऱ्या दिवशी बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी दिली, आणि क्लबातल्या सगळ्या विमानांच्या रेघा पुन्हा ओढायला लावल्या. प्रत्येक रेघ ओढण्याआधी काच जागेवर आहे का, ते आकड्यांवरून स्वतः पाहायला ते शेजारी उभे होते.