बटण भिंतीवरच हवं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिला होता 'बदलतं तंत्रज्ञान आणि आपण'. इतक्या मोठ्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायचं म्हणजे नुसती हवेतली वाक्यं होतील. त्यापेक्षा एका छोट्या गोष्टीवर बोलते. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या आईच्या घरात एक पॅसेज आहे आणि त्या पॅसेजमध्ये एक दिवा आहे. गेली काही वर्षं माझी इंजिनिअरिंगची पदवी मुख्यतः त्या दिव्यासाठी कामी आली आहे.

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. वय ७८. मी ठाण्याला, भाऊ परदेशात. आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चित्र असेल. २०१९ मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ठरवलं की ती रात्री उठली तर पॅसेजमधला दिवा आपोआप लागला पाहिजे. मग हळूहळू कामं वाढत गेली. गीझर चालू राहिला तर तो अर्ध्या तासाने बंद व्हावा. लॉफ्टवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खालून कळावं. आपल्याकडे पाण्याची वेळ चुकली की काय होतं ते मुलुंडकरांना सांगायला नको. देवघरातला छोटा बल्ब संध्याकाळी सात वाजता लागावा. याला हल्ली 'होम ऑटोमेशन' म्हणतात.

या सगळ्याचा मेंदू म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक, रास्पबेरी पाय. त्यावर 'होम असिस्टंट' नावाचा प्रोग्राम चालतो. पाउलस स्खाउटसेन या डच प्रोग्रामरने तो २०१३ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो. बोर्डाच्या मागे काड्यापेटीएवढी मॉड्यूल्स बसवलेली आहेत आणि हालचाल ओळखणारे दोन-तीन सेन्सर आहेत. ऐकायला सोपं वाटतं. पण बसवायला एक रविवार लागतो आणि नीट चालायला काही वर्षं लागतात. त्या वर्षांतले तीनच बिघाड सांगते.

पहिला बिघाड आईने शोधला. "दिवा बंद केला तरी मिणमिणतो गं. भुताटकी असल्यासारखा." कारण भिंतीत होतं. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये बटणापर्यंत फक्त फेजची तार आणतात, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जातो. ज्या बोर्डात प्लग असतो तिथे न्यूट्रल मिळतो, नुसत्या बटणांच्या बोर्डात बहुतेकदा नाही. आता भिंतीतल्या मॉड्यूलला स्वतः जागं राहायला थोडी वीज लागतेच. न्यूट्रल नसला की काही मॉड्यूल्स ती वीज दिव्यातूनच घेतात. ६० वॅटच्या जुन्या बल्बला त्याचा पत्ताही लागला नसता. ९ वॅटचा एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणतो.

आमच्या नेहमीच्या वायरमनने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि त्याच सर्किटच्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रलची तार ओढून आणली. मग त्या जागी न्यूट्रलवर चालणारं मॉड्यूल बसवलं. भुताटकी संपली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. इंजिनिअर असलात तरी २३० व्होल्टच्या कामाला वायरमनच बोलवा.

दुसरा बिघाड तुमच्याही लक्षात असलेल्या दिवसाचा आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस होते, बरेच जण घरून काम करत होते. यथावकाश आईकडे वीज आली, पण इंटरनेट आलेलं नव्हतं. संध्याकाळी आईचा फोन: "देवाजवळचा दिवा आज लागला नाही. मी हाताने लावलाय. तू काळजी करू नकोस."

घरातलं जाळं चालू होतं, त्यामुळे तिच्या मोबाइलवर सिस्टिमचा पडदा उघडत होता. मी विचारलं, "आई, तिथे वर वेळ किती दिसते?" ती म्हणाली, "दुपारचा एक वाजून दहा मिनिटं. अगं, इथे तर दिवेलागण होऊन गेली!"

झालं, रोग सापडला. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो. त्या वेळच्या रास्पबेरी पायमध्ये असं स्वतःचं घड्याळ नव्हतंच. तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. वीज गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वीज आली, पण इंटरनेट नाही म्हटल्यावर त्याने जिथे थांबला होता तिथूनच वेळ मोजायला सुरुवात केली. त्याच्या लेखी अजून दुपार होती, आणि दुपारी देवघरात दिवा कशाला लावायचा? त्याने दिलेला हुकूम अगदी इमानाने पाळला होता. उपाय किरकोळ निघाला. डीएस ३२३१ नावाची घड्याळाची चिप आणि नाण्याएवढा एक सेल जोडला. त्यानंतर कितीदा तरी वीज गेली, पण घराची वेळ चुकली नाही.

तिसऱ्या बिघाडाने मात्र दमवलं. पॅसेजमधला दिवा कधी लागायचा, कधी नाही. ज्या दिव्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच. आणि मी तिथे गेले की हमखास लागायचा! मी माझ्या संगणकावरच्या सगळ्या नोंदी तपासल्या. एकही चूक नाही. सेन्सरने निरोप दिला की दिवा लागलाच होता.

इथे आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण झाली. आपली प्रयोगवही आठवते? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आपण अनुमान आधी लिहायचो आणि निरीक्षणं त्याला जुळवून घ्यायचो, हे गुरुजनांसमोर आज कबूल करायला हरकत नाही. त्यांना ते तेव्हाही माहीत होतं. मी आईला एक वही दिली आणि म्हटलं, दिवा लागला की नाही एवढंच लिही, वेळेसकट. आईने आयुष्यभर दुधाचा आणि वाण्याचा हिशेब वहीत ठेवलेला. तिने रेघा मारून रकाने पाडले. "मंगळवार, रात्री ९.१०, लागला नाही. बुधवार, पहाटे ४, लागला. शुक्रवार, रात्री १०, दुसऱ्यांदा गेले तेव्हा लागला." असं तीन आठवडे.

वही उघडली आणि पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. सगळे नकार रात्री साडेआठ ते अकराच्या दरम्यान होते. पहाटे एकही नाही. आणि मी जायचे शनिवारी दुपारी!

माझ्या संगणकाला हे का दिसलं नाही? कारण सेन्सरचा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि जो निरोप आलाच नाही त्याची नोंद तो कशी ठेवणार? ती नोंद फक्त अंधारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे असते. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावरही मला सगळ्यात उपयोगी पडलेली नोंद ही निळ्या शाईतली आहे.

साडेआठ ते अकरा म्हणजे अख्खी इमारत घरी असते आणि प्रत्येक घरात मालिका, क्रिकेट, व्हिडिओ कॉल चालू असतात. आमचे सेन्सर झिग्बी नावाच्या रेडिओ पद्धतीने बोलतात. झिग्बी आणि नेहमीचं वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. आईच्या पॅसेजमध्ये उभं राहून मोबाइलवर पाहिलं, तर शेजाऱ्यांची २३ वाय-फाय जाळी दिसली. त्या गलक्यात आमच्या सेन्सरचा बारीक आवाज कुणाला ऐकू जाणार?

मग एका वेळी एकच बदल करायचा, असं ठरवलं. आधी संगणकाला मागून थेट खोचलेला झिग्बीचा रिसीव्हर एक मीटरच्या केबलने दूर नेला, कारण यूएसबी ३ च्या जोडणीतून याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्येच त्यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. आठवडाभर वहीत नोंदी झाल्या. नकार कमी झाले, संपले नाहीत. मग झिग्बीचा चॅनल बदलला. झिग्बीला या पट्ट्यात ११ ते २६ असे सोळा चॅनल मिळतात. आमचं जाळं ११ वर होतं, आणि तो वाय-फायच्या पहिल्या चॅनलच्या पोटातच येतो. २५ हा वाय-फायच्या अकराव्या चॅनलच्याही पलीकडे, जरा शांत जागी. सेन्सर एकेक करून पुन्हा जोडले. पुढच्या आठवड्याच्या पानावर सगळ्या बरोबरच्या खुणा होत्या आणि खाली आईचा शेरा: "उत्तम."

एका दुकानदाराने मला सगळे सेन्सर बदलायचा सल्ला दिला होता. वहीमुळे तो खर्च वाचला.

आता थोडं घराबाहेर बघू. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं एक यंत्र ३०० डॉलरला मिळायचं, घरातली सगळी उपकरणं चालवणारं. २०१४ मध्ये ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या यंत्राची सेवा बंद केली. लोकांच्या घरात सुस्थितीतलं यंत्र होतं, पण त्याला हुकूम देणारा सर्व्हर नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. ग्राहकांच्या घरातलं काहीच बिघडलं नव्हतं. बिघाड हजारो मैलांवर होता. आपल्या पॅसेजमधला दिवा लावायला परक्या देशातल्या संगणकाची परवानगी का लागावी? म्हणून आमच्या घरातले हुकूम घरातच फिरतात. इंटरनेट गेलं तर मला ठाण्यात काही दिसत नाही, पण आईचं काही अडत नाही. प्राधान्य त्याच क्रमाने असायला हवं.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण तीच सगळ्यात नाजूक आहे. भावाने सुचवलं की कॅमेरा लावू, म्हणजे आई दिसत राहील. त्याची काळजी खरी होती. इतक्या लांब बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आईने शांतपणे विचारलं, "मी घरात कशी वावरते ते तुम्ही दोघं बघत बसणार? मग हे घर माझं कसं?" त्यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं.

शेवटी अटी आईनेच ठरवल्या. कॅमेरा नाही. ती रात्री किती वेळा उठली हे कुणाला कळवायचं नाही. मात्र सकाळी आठपर्यंत घरात काहीच हालचाल झाली नाही, तर मला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना संदेश यावा. आणि आई गावाला गेली की हे बंद करायचं बटण तिच्याकडे असावं. मी तेवढंच लिहून दिलं. आजवर तो संदेश दोनदा आला. एकदा आई गजर न लावता झोपली होती. दुसऱ्यांदा तिला ताप भरला होता आणि उठवत नव्हतं. काकू दहा मिनिटांत तिच्याजवळ होत्या, मी तासाभराने पोचले. सेन्सरने फक्त निरोप दिला. दार उघडून आत गेल्या त्या काकू, कारण त्यांच्याकडे किल्ली होती. घर कितीही स्मार्ट केलं तरी शेजारी किल्ली ठेवायची आपली जुनी पद्धत मोडू नका.

तर या सगळ्यातून आमच्या घरापुरते चार नियम तयार झाले.

पहिला, भिंतीवरचं बटण हाताने दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. मोबाइल, आवाज, सेन्सर हे सगळं त्याच्या वर. पाहुण्याला किंवा कामाच्या मावशींना घर वापरायला शिकवावं लागता कामा नये.

दुसरा, इंटरनेट नसताना घर चाललं पाहिजे. महिन्यातून एकदा राउटर बंद करून बघा.

तिसरा, कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कुठला एमसीबी कशाचा, वायरमनचा फोन, आणि सगळं ऑटोमेशन बंद करून घर पूर्वीसारखं कसं वापरायचं. उद्या मी नसले तरी तो कागद वाचून कुणालाही काम करता आलं पाहिजे.

चौथा, त्या घरात जो राहतो त्याला विचारल्याशिवाय एकही सेन्सर लावायचा नाही.

आपण आता अशा वयात आलो आहोत की एका बाजूला मुलांचे पासवर्ड आणि दुसऱ्या बाजूला आईवडिलांच्या गोळ्यांचे डबे, दोन्ही आपल्याकडे असतात. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी त्यांच्या घरी जाल तेव्हा काही विकत घेण्याआधी रात्री दिवे बंद करून बेडरूमपासून बाथरूमपर्यंत एकदा चालून बघा. हात कुठे चाचपडतो ते लक्षात ठेवा. कदाचित बटणाची जागा बदलून किंवा शंभर-दीडशे रुपयांचा रात्रीचा दिवा लावूनच काम होईल. नाहीच झालं, आणि सेन्सर बसवायची वेळ आली, तर मला फोन करा. शनिवारी दुपारी मी मुलुंडलाच असते. येताना एक कोरी वही मात्र घेऊन या.