मुक्त गोव्याचा कैदी

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वाशीमच्या माणसाला सरहद्द म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पैनगंगेपलीकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. इकडे तिरंगा फडकल्यावरही तिकडच्या सोयऱ्यांना तेरा महिने वाट पाहावी लागली. गोमंतकाला चौदा वर्षे थांबावे लागले. आणि गोमंतकाच्या एका सैनिकाला त्याहूनही अधिक. त्यांचे नाव मोहन रानडे.

मूळचे मनोहर आपटे. जन्म १९३०, सांगलीचा. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाचे सैनिक झाले.

बंदूक हा आपला मार्ग नव्हे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी जो मार्ग दाखविला, त्याच मार्गाने १९५५ साली नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये गेले. परंतु त्या वर्षी १५ ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून अधिक माणसे पडली, आणि दिल्लीने पुढे सरहद्द बंद केली ती सत्याग्रहींनाच! अशा वेळी एखाद्या तरुण शिक्षकाने शस्त्र उचलले, तर त्याचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार निदान घरी बसलेल्यांना तरी नाही, असे मला वाटते.

ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात रानडे जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळील काशियाशच्या तुरुंगात नेले. त्यांपैकी सहा वर्षे एकांतकोठडीची होती. आपले नेते १९५७ साली सुटले. रानडे सुटले नाहीत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या हाती लागले होते. मे १९६२ मध्ये त्यांना सन्मानाने मायदेशी धाडण्यात आले. रानडे मात्र काशियाशलाच राहिले. पोर्तुगालशी आपले राजनैतिक संबंध तुटले होते, हे खरे. पण तीन हजार कैदी परत करताना एक माणूस मागून घेता येऊ नये? ज्या भूमीसाठी तो लढला, ती स्वतंत्र झाल्यानंतरही सात वर्षे तो परक्या तुरुंगात होता. याला मी विसर म्हणत नाही, अनास्था म्हणतो.

सुटकेचा ध्यास घेतला तो लोकांनी. संगीतकार सुधीर फडके यांनी त्यासाठी समिती उभारली. तामिळनाडूचे अण्णादुराई यांनी १९६८ साली रोमला पोपची भेट घेऊन रानड्यांसाठी रदबदली केली. देव न मानणाऱ्या चळवळीतला हा द्रविड नेता एका मराठी मास्तरासाठी धर्मगुरूच्या दारी गेला! जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले आणि ३ फेब्रुवारीला अण्णादुराई निवर्तले.

पंचविशीत आत गेलेला माणूस अडतिसाव्या वर्षी बाहेर आला. 'पद्मश्री' मिळाली २००१ साली, म्हणजे आणखी बत्तीस वर्षांनी. २५ जून २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'सतीचे वाण' हे त्यांचे आत्मकथन आपल्या तालुक्याच्या वाचनालयात आहे काय, एवढे प्रत्येक साथीने या आठवड्यात पाहून यावे; नसल्यास वर्गणी काढून आणवावे.