जिप्सीचा आवाज

१९८८ साली अमेरिकेत मिनिआपोलिसला ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्यातल्या जिप्सी या यंत्रमानव-बाहुलीची प्रतिकृती आम्ही घरी केली. मोटारीतल्या बाळाच्या आसनाचं डोकं, विजेरीचा एकच डोळा, धडाला लांब काळी नळी. सगळं घरातलंच सामान!

जिप्सी यानाचा सारा कारभार सांभाळते. डोकं त्यातच गुंतलेलं, म्हणून बाकीचे तिला मंद समजतात. ओळखीचं वाटतं ना? शिवाय ही ‘बाई’, पण वर्षानुवर्षं तिचा आवाज पुरुषांचाच. २०१७च्या नव्या पर्वात रेबेका हॅन्सन या स्त्रीने तो दिला.

आमच्या जिप्सीला मुलीच चालवतात, बोलवतात. करवत, पाना मुलींच्या हाती द्या. आवाज त्या स्वतःच काढतील.